कोऱ्या द्रावणातली चमक

रविराज आमच्या प्रयोगशाळेत आला तो दिव्याचं बटण दाबूनच. वीस मिनिटं अंधारात चाललेला माझा प्रयोग गेला पाण्यात. मी उंब्रजची, राग पोटात ठेवायची आमच्यात पद्धत नाही, त्यामुळे काय काय बोलले ते विचारू नका. तो मान खाली घालून ऐकत राहिला. जतकडचा गडी, सांगलीच्या हळद बाजारात एका अडत्याकडे कामाला. तपासणीचे नमुने घेऊन आला होता. माझं संपल्यावर हळूच म्हणाला, “मॅडम, दिवा बंद करू?”

मला हसू आलं... आणि तिथंच घोळ झाला.

मग दर मंगळवारी, शुक्रवारी सौदे आटोपले की स्वारी हजर. माझं काम त्याला भारी आवडलं. केसाएवढी बारीक काचेची नळी, दोन टोकांना वीज, आत हळदीचा अर्क. अर्कातले घटक वेगवेगळ्या वेगानं पळतात, निळ्या उजेडात चमकतात आणि कॅमेरा त्यांची शर्यत पडद्यावर दाखवतो. तो टेबलावर वाकून विचारायचा, पयला कोन येतोय. मी पडदा सोडून त्याच्या पापण्या बघायचे — बाह्यांसारखी त्यांच्यावरही हळदीची पिवळी धूळ असायची.

पीएचडी मात्र अडली. हळद न घालता नुसतं कोरं द्रावण सोडलं, तर पडदा काळा राहायला हवा. माझा कधी काळा, कधी चमकता. कोरंच चमकलं तर माझ्या हळदीच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार? चार वर्षांची मेहनत मातीत जाणार होती. नळ्या बदलल्या, कॅमेऱ्याला शिव्या घातल्या. शेवटी तीन तारखेला वहीतले वार जुळवले आणि कपाळावर हात मारला. चमक फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. त्याच्या बाह्यांवरची हळद माझ्या उघड्या बाटल्यांत पडत होती. वहीत लिहिलं, कारण सापडलं.

परीक्षेच्या दिवशी मी त्याला येऊ दिलं नाही. कोरा पडदा काळाकुट्ट, हळदीचे तीन पट्टे सुरेख वेगळे. पण परीक्षक लालासाहेब सर वही चाळत होते. आधीच्या चमकेचं कारण मी सांगितलं, तर म्हणाले, सिद्ध करा.

मी रविराजला फोन लावला. तो बाजारातून तसाच धावत आला. त्यानं कोऱ्या द्रावणाच्या उघड्या बाटलीवर बाही झटकली, मी ते नळीत सोडून वीज सुरू केली, आणि काळ्या पडद्यावर एक नाजूक रेघ चमकत पळत गेली. सर खुर्चीत सरसावून बसले. एवढीशी धूळसुद्धा या नळीला सापडते, म्हणाले. मी जिंकले होते.

तेवढ्यात त्यांनी पान उलटलं.

“प्रियदर्शनी, कारण तीन तारखेला कळलं. चमक सत्तावीस तारखेपर्यंत आहे. मग यांना दाराबाहेर का नाही थांबवलं?”

खात्री करत होते, असं म्हटलं असतं तर सुटले असते. पण ज्या वहीवर माझं सगळं उभं होतं, तिच्याबद्दल खोटं बोलवेना. रविराज माझ्याकडेच बघत होता.

“सर... हा यावा असं मला वाटायचं. मला हा आवडतो.”

सरांनी चष्मा पुसला, पेन उघडलं आणि सही केली. “हेही कारण वहीत लिहा,” म्हणाले आणि चहाला निघून गेले.

रविराजचे कान लालभडक झाले होते.

“मॅडम, मंगळवारपास्नं आंघुळ करून येतो,” तो म्हणाला. “पर येनार.”

“मॅडम नको,” मी म्हणाले. “नाव घे माझं.”

त्यानं घेतलं.