सोड्यात धुतलेले मोती

पनवेलच्या बाजारात एका पटवेकऱ्याच्या दुकानासमोरच माझ्या गळ्यातली मोत्यांची माळ तुटली. मोती पायरीवर टपटप पसरले. मी वाकले... आणि दुकानातला तरुणही वाकला. दोघांची डोकी आपटली.

"लागलं?" त्यानं विचारलं.

"मोत्यांना?" मी म्हटलं, आणि तो हसला.

त्याचं नाव कमळाकर. दागिने गाठवणं हा त्यांचा घरचा धंदा. माळ माझी नव्हती, वहिनीची होती. छप्पन साली शाळेत शिकवायला लागल्यापासून मी ती तिच्याकडून मागून रोज घालायची.

मोत्यामोत्यामध्ये रेशमाची बारीक गाठ मारत तो म्हणाला, "रोज घाला, अंगावर मोती चांगले राहतात. पण तेल, पावडर, अत्तर सगळं झाल्यावर शेवटी घालायची. काढली की मऊ मलमलीनं पुसायची. साबण, सोडा – चुकूनही नाही."

"आणि रेशीम सैल झालं तर?"

"तर मी आहे की!"

त्यानंतर रेशीम वरचेवर सैल होऊ लागलं. म्हणजे – मीच करत होते.

गौरीच्या हळदीकुंकवाला वहिनी माळ घालणार होती. पुसायचा मी कंटाळा केलेला, मोत्यांवर घामाचा पिवळट थर बसलेला. तिला दिसू नये म्हणून घाईघाईनं माळ धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात बुडवली. बाहेर काढली तेव्हा मोती खडूसारखे पांढरेफटक पडले होते.

"हे काय गं, दमयंती?" वहिनीला रडूच फुटलं. माळ तिच्या वारलेल्या आईची होती.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "परवा गाठवायला दिली होती... त्यानंच बदलले असतील."

दादा माळ घेऊन तडक निघाला. मागोमाग मी. भर बाजारात त्यानं कमळाकरला चोर म्हटलं. माणसं जमली. कमळाकरनं एक मोती बोटांनी चाचपला, मग माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं.

"मी मोती बदललेले नाहीत," एवढंच तो म्हणाला. "हवं तर झडती घ्या."

माझं नाव त्यानं घेतलं नाही. मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी बायका आपापले दागिने त्याच्याकडून परत नेत होत्या. त्याची आई, सखूबाई, दारात बसून एकेकीला विनवत होती. ते पाहिलं आणि घरी येऊन मी वहिनीला खरं सांगितलं.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "जिथे तो चोर ठरला, तिथे जाऊन सांग."

सांगितलं. दादासमोर, माझ्या वर्गातल्या मुलींच्या आयांसमोर, मोठ्यानं. दादानं हात जोडले, माणसं पांगली. मी तिथेच उभी.

"तुम्ही का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"वाटलं, तुम्ही सांगाल." तो रेशीम गुंडाळत होता. "चोर म्हटल्याचं नाही एवढं लागलं... तुम्ही मान खाली घातलीत, ते लागलं. आता तरी वर बघा."

"होत नाही..."

"मग तसंच ऐका. मला तुम्ही फार आवडता. आणि रागही आलाय. दोन्ही आहे."

माझे डोळे भरून आले. "राग – कधी जाईल?"

"सांगता येत नाही," तो म्हणाला. "शाळा सुटली की रोज येऊन विचारत जा."