अम्या, हायेस का?

तुम्ही ती ठकठक ऐकली होती, साहेब.

बोटीच्या बुडाखालून येत होती. ऐकलीत, आणि तरी बोट हलवलीत.

तुमचं नाव मी लिहीत नाही. तुमच्या खात्याचंही नाही. तुमचं तुम्हाला कळेल.

बाकीच्यांनी हे भुताची गोष्ट म्हणून वाचलं तरी चालेल. मी शपथबिपथ घेणार नाही. सिन्नरच्या पुढे आमची वस्ती आहे. वस्तीवर विहीर आहे. गेल्या सर्वपित्री अमावस्येला, रात्री नाही, भर दुपारी, आम्ही चौघं त्या विहिरीवर उभे होतो.

चौघांनीही ऐकलं.

मी महेश. सिन्नरला पाण्याच्या मोटरी दुरुस्त करतो. शाळा नववीपर्यंत. लिहायला कुणी शिकवलं नाही, त्यामुळे गोड लिहिता येत नाही.

अमोल माझा धाकटा भाऊ. घरात अम्या.

आमच्याकडे पोरं विहिरीत पोहायला शिकतात. तेलाचा रिकामा डबा तोंड बंद करून पाठीला बांधायचा आणि द्यायचं ढकलून. आमची विहीर खोल. एका बाजूला कपार आहे. पोरगं तिच्याखाली गेलं की वरून दिसत नाही. म्हणून नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, एक रीत लावली होती. काठावरच्याने हाक मारायची, "हायेस का?" खालच्याने डब्यावर दोनदा ठोकायचं.

टण्... टण्.

म्हणजे, हाय.

आणि एक नियम होता. खालचा ठोकतोय तोवर वरच्याने काठ सोडायचा नाही. काही झालं तरी.

अम्याचा डबा सुटला, सवय सुटली नाही. पुढे कुणाच्या विहिरीत मोटर पडली की बुडी मारायला त्यालाच बोलावणं यायचं. खाली गेला की पाइपावर दगडाने दोनदा ठोकायचा. वर मी असायचो, दोर धरून.

मग तुमची जाहिरात आली. समुद्राच्या हद्दीवर पहारा द्यायला नवं दल उभं राहतंय, पोहणारे तरुण पाहिजेत. अम्या निवडला गेला. टपरीवर आमच्या वस्तीवरच्या चिमाजीने त्याला चिडवलं, "नाशिकचा गडी आन् समुद्रावर? परक्याची बोट आली तर काय करशील रं?"

"तोंडासमोर कांदा फोडीन," अम्या म्हणाला. "रडत जातील माघारी."

सगळी टपरी हसली. चहाचे पैसे चिमाजीने दिले.

तिकडून त्याचा फोन यायचा. "दादा, ह्या समुद्राला बांधच नाय. आपल्याकडं हातभर बांधापायी भाऊ भावाचं डोकं फोडतो. इथं साहेब म्हणतात, ती बघ आपली हद्द. मला नुसतं पाणीच दिसतं."

"मग राखतोस काय?"

"पाणीच राखतो," म्हणाला. हसला.

श्रावणात तुमचा फोन आला. तुमचा माणूस बेपत्ता आहे. शोध चालू आहे.

बस. एवढंच.

अम्याची बायको सायली. लग्नाला दुसरं वर्ष. ती दर सोमवारी तुमच्याकडे फोन लावायची. शोध चालू आहे. पुढच्या सोमवारीही, शोध चालू आहे. एकदा तिने विचारलं, कुठे शोधताय? पलीकडचा म्हणाला, समुद्रात.

तिच्या कपाळावरचं कुंकू ठेवायचं की पुसायचं, हे बायका एकमेकींना विचारत होत्या. तिच्यासमोर.

मग पितर आले. ज्याच्या मरणाची तिथी माहीत नाही त्याचा घास अमावस्येला काढतात. त्या सकाळी नाना म्हणाले, "अम्याचाबी घास काढू."

आई वडे तळत होती. झारा तसाच हातात राहिला. "जित्या पोराचा घास काढता? कोण म्हनलं तुम्हाला तो मेला?"

"जिता हाय असं तरी कोण सांगतंय, कुसा?" नाना तिला म्हणाले.

सायली कढी ढवळत राहिली. कढी कधीच उकळून गेली होती.

दुपारी नानांनी गोठ्याच्या पत्र्यावर दोन पानं ठेवली. एक आजोबांचं. एक अम्याचं.

कावळे आले. आजोबांचं पान विस्कटून खाल्लं. खीरसुद्धा ठेवली नाही.

अम्याच्या पानाभोवती फिरले. मान वाकडी करून पाहिलं...

आणि उडून गेले. सगळेच.

त्यानंतर एकही पाखरू दिसलं नाही. सकाळपासून लाइट नव्हती, त्यामुळे शिवारातली एकही मोटर चालू नव्हती. शेळ्या ओरडायच्या थांबल्या. इतकं गप्प शिवार मी जन्मात ऐकलं नाही.

आई उठली. विहिरीकडे निघाली.

आम्ही तिघं मागे धावलो. वाटलं, उडी घेते आता.

तिने उडी घेतली नाही. काठावर उभी राहिली, नाना उभे राहायचे तिथेच, आणि हाक मारली.

"अम्या... हायेस का?"

काही नाही.

पाणी काळं. हलत नव्हतं.

"अम्या... ए बाळा... हायेस का?"

मग...

टण्... टण्.

कपारीखालून.

नाना काठावर ओणवे झाले. मी गोठ्यात पळालो, अम्याचा जुना डबा तिथे टांगलेला असतो. वाटलं, कुणी डबा काढून चेष्टा करतंय. सापडला असता तर त्याचे हात मोडले असते.

डबा खुंटीला होता. तसाच. वरून कोळ्याचं जाळं, तेही अख्खं. मी त्याच्यावर हात ठेवला. कोरडी धूळ.

बाहेर आईने पुन्हा हाक मारली.

विहिरीतून आवाज आला... आणि माझ्या तळहाताखाली डबा थरथरला.

दोनदा.

परत आलो तेव्हा सायलीने बादली सोडून पाणी काढलं होतं. ओंजळभर तोंडात घेतलं. गिळलं नाही, थुंकलंही नाही. तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "दादा, खारट आहे."

मी चाखलं.

आमच्या विहिरीचं पाणी गोड. साऱ्या वस्त्या प्यायला नेतात. इथून समुद्र गाडीने चार तासांवर.

नाना शिडीवर चढले. अम्याचं पान खाली काढलं. मांडीवर घेऊन बसले. दिवस बुडेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. रडलंही नाही. मला नंतर नवल वाटलं, पण त्या दिवशी रडू कुठे होतं तेच सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी विहिरीत उतरलो. कपारीखाली खांद्यापर्यंत हात घातला. दगड. शेवाळ. पाणी पुन्हा गोड.

दिवाळीनंतर एका नव्या नंबरवरून फोन आला. अम्याच्या बोटीवरचा पोरगा. त्याला यादव म्हणू. खरं नाव ते नाही, त्यामुळे शोधत बसू नका.

"दादा, कुठं बोलू नका. कुणाचं तरी जुनं जाळं आमच्या बोटीच्या पंख्यात गुंतलं. बोट जाग्यावर. समोर एक परकी बोट हद्दीतून पळत होती. साहेबांनी विचारलं, बुडी कोण मारतो? अमोल म्हणाला, मी विहिरीतल्या मोटरी काढतो, ह्यात काय. कमरेला दोर बांधून उतरला. पंखा मोकळा केला त्यानं. मग दोर सैल पडला. ओढला तर... रिकामा."

"मग?"

यादवने आवाज खाली आणला.

"मग खालून आवाज यायला लागला. बोटीच्या बुडाला कुणीतरी ठोकत होतं. दोन ठोके. गप्प. परत दोन ठोके."

मी त्याला डब्याचं सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मी म्हणालो, साहेब, खाली अमोल आहे. साहेब म्हणाले, लाट आहे. परकी बोट निसटत होती. इंजिन चालू केलं."

"वरून कुणी हाक मारली का त्याला?"

"हाक? समुद्रात? कशाला, दादा?"



तो खाली सांगत होता, हाय. हाय. वर कुणाला ती रीतच माहीत नव्हती. आणि ज्यांनी शिकवली ते इथे, डोंगराच्या ह्या बाजूला, टोमॅटोला काठ्या बांधत होते.

"किती वेळ वाजत होतं?" मी विचारलं.

"निघालो तेव्हा वाजतच होतं. आणि दादा... दुसऱ्या दिवशी बोट बंदराला बांधली. मी एकटाच वर होतो. तेव्हाही वाजलं."

"शोध?"

"तो तिसऱ्या दिवशीच बंद केला."

सायली त्याच्यानंतरही कितीतरी सोमवार तुम्हाला फोन करत होती. तुम्ही तिला काय सांगत होतात, आठवा.

आई आता रोज दुपारी विहिरीवर जाते. रोज हाक मारते.

रोज उत्तर येतं.

आमची आत्या, नानांची धाकटी बहीण वत्सलाबाई, हे ऐकून चांदवडहून आली. एक दुपार आईशेजारी उभी राहिली. ऐकलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "महेश, मेला असंल तर ही हाक त्याला जाऊ देनार नाय. आडकून राहील लेकरू. बंद कर हे."

"आणि जिता असला तर, आत्या? कुठं पडलेला असला तर?"

आत्याने पुन्हा विहिरीकडे पाहिलं. नियम तिलाही माहीत होता. ती पण त्याच विहिरीत पोहायला शिकली. खालचा ठोकतोय तोवर वरच्याने काठ सोडायचा नाही.

हल्ली आवाज लगेच येत नाही. पहिला ठोका उशिरा येतो. मग दुसऱ्याची वाट पाहावी लागते. तेवढ्या वेळात सायली श्वास घेत नाही. मी पाहिलंय.

काल पहिला ठोका आला...

दुसरा आला की नाही, यावर आमच्या घरात एकमत नाही. आई म्हणते आला.

पदक नको, साहेब. चौकाला नाव नको. भाषणाला येऊ नका. एवढंच सांगा, तो आवाज लाटेचा होता का? तुम्हाला खरंच लाट वाटली होती का?

माझा भाऊ जिता आहे की मेला?

आम्ही हाक मारत राहू, की काठ सोडू?

आई दुपारी विहिरीवर जाते. त्याच्या आत सांगा.