सात नंबरच्या खोलीतला भाऊ

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या बहिणीवर बेतलेली आहे. तिच्या उजव्या मनगटात आजही स्टीलची पट्टी आहे. पटलं तर पटलं, नाहीतर सोडून द्या.

गुरुवार होता. दुपारचे चार. बाहेर लख्ख ऊन.

ताई स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या निवासात काम करते. तिथे प्रत्येकाची एक वही असते. माणसं, सवयी, आवडीनिवडी, सगळं त्यात. आणि एक नियम पक्का. त्यांच्याशी वाद घालायचा नाही. त्यांना जे दिसतं ते खरंच, असं धरून बोलायचं.

सात नंबरला ड्रायव्हरकाका होते. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. खुर्चीत बसूनही गिअर टाकायचे. ताईला क्लीनर समजायचे.

"टायर बघितलेस का रे?"

"बघितले काका. हवा एकदम टाइट!"

त्या आठवड्यात मात्र रोज चार वाजले की ते दाराकडे बघून थरथरायचे.

"भाऊ आलाय. आत येऊ का, विचारतोय."

वहीत लिहिलं होतं... एकुलते एक.

गुरुवारी ताई बेसिनपाशी त्यांची दाढी करत होती. काकांनी तिचा हात गच्च धरला.

"भाऊ..."

ताईला वाटलं, एकदा भेट झाली की भीती जाईल. ती दाराकडे बघून हसत म्हणाली, "या ना भाऊ, आत या."

हॉलमध्ये टीव्ही मोठ्याने चालू होता.

त्याचा आवाज बंद झाला.

पंखा फिरत होता... पण त्याचाही आवाज नव्हता.

मग दार बिजागऱ्यांसकट निखळून आत पडलं.

दारात कुणीच नव्हतं.

कुणीतरी मागून ताईचे केस मुठीत धरले. तोंड आरशावर आपटलं. एकदा. दोनदा. काच गालात घुसली. ती किंचाळली, पण स्वतःचा आवाज तिला ऐकूच आला नाही. मनगट उलटं पिळलं गेलं... हाड मोडलं.

लोखंडी कपाट उचललं गेलं आणि पलंगावर कोसळलं.

गळ्याभोवती बोटं आवळली...

आणि दोन वर्षांत आधाराशिवाय उभे न राहिलेले काका उठले. मध्ये घुसले. डोळे अगदी स्वच्छ.

"सोड तिला! तिनं काही केलेलं नाही. केलं ते मी. मला मार."

बोटं सुटली.

काका जमिनीवरून वर उचलले गेले. भिंतीवर आदळले. पुन्हा. पुन्हा. ते एकदाही ओरडले नाहीत.

मग टीव्हीचा आवाज परत आला.

नर्स धावत आली तोवर काका गेले होते. बरगड्यांचा चुराडा झाला होता.

आधी संशय ताईवरच आला. डॉक्टरांनीच सांगितलं, मोडक्या हाताच्या, पंचेचाळीस किलोच्या बाईचं हे काम नव्हे. मग कुणाचं? कागदावर लिहिलं गेलं... कपाट पडून अपघात.

काकांची मुलगी हॉस्पिटलात ताईला भेटायला आली. मी तिथेच होतो.

"शेवटी बाबा काही बोलले?"

ताईने माझ्याकडे पाहिलं.

"मला वाचवलं त्यांनी. 'सोड तिला' म्हणाले."

पुढचं तिने गिळलं.

मुलगी ताईला धरून खूप रडली. आता ती अधूनमधून फोन करते. बाबांबद्दल चार चांगले शब्द ऐकायचे असतात तिला. ताई सांगते.

कधी फोन मी उचलतो. तेव्हा जीभ नुसती शिवशिवते. काय केलं होतं हो तुमच्या बाबांनी? कुणाला?

पण मी फोन ताईच्या हातात देतो... आणि खोलीतून बाहेर जातो.