बिनखळीची मखमल

"पांढरी मखमल हवीय... सुती. एवढीशी." दाक्षायणीनं तळहात पुढे केला. "असे डझनभर तुकडे."

कापडदुकानाच्या गादीवर बसलेल्या मल्लिकार्जुननं त्या तळहाताकडे गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ पाहिलं. "बाहुलीचं लगीन आहे का?"

"जंतूंचं."

"मग आमाला आमंत्रण नको..." तो हसला, आणि तिला उगाचच घाम फुटला. सोलापूरचंच ऊन ते, दुसरं काय!

दाक्षायणीचं काम मोठं गमतीचं होतं. काचेच्या ताटलीत वाढलेल्या जंतूंच्या ठिपक्यांवर मखमल दाबायची, मग तीच मखमल दुसऱ्या, निकस अन्नाच्या ताटलीवर. सगळे ठिपके जागच्या जागी उमटायचे. जो उमटणार नाही, त्याचं जनुक बिघडलेलं, त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. नेमका तोच तिला हवा होता. खरं तर तिला हाडांवर संशोधन करायचं होतं, कारण तिच्या अव्वाचं, म्हणजे आई सावित्रम्माचं, हाड नुसत्या धक्क्यानं मोडायचं. पण कॉलेजातले सर म्हणाले होते, "आधी जंतूतलं एक बिघडलेलं जनुक शोधून दाखव. मग बंगळूरला शिफारस करतो. हाडं तिथं." आणि वडिलांनी, रुद्रप्पांनी, संक्रांतीपर्यंतच मुदत दिली होती. बंगळूर ठरलं नाही, तर येईल ते स्थळ पत्करायचं!

आधीचे जंतू मरावेत म्हणून मखमल वाफेत शिजवून तिनं ठसे घेतले. एकूण एक ठिपका उगवला. पुन्हा घेतले, तरी तेच! शेवटी ओला तुकडा तिनं बोटांत चोळला. बोटं चिकट झाली. ती तडक दुकानात गेली.

"तुमच्या मखमलीला खळ आहे!"

"असणारच की. बिनखळीचं कापड कोण घेतंय हो? चिंचोक्याची असती, पिठाची असती..."

"ज्याला मी उपाशी ठेवतेय, त्याला तुम्ही चोरून जेवू घालताय!"

तो खो खो हसला. मग तिचे भरून आलेले डोळे दिसले, आणि हसू जिथल्या तिथं विरलं. "उद्या दुपारी या," तो हळूच म्हणाला. "गच्चीवर."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर चूल पेटली होती. बाह्या वर करून बी.कॉम. झालेला हा शेठ घंगाळात मखमल उकळत होता. पाणी टाकायचा, नवं घालायचा, पुन्हा उकळायचा. हात लालबुंद झाले होते.

"गडी नाही का दुकानात?"

"आहे की. पण त्याला कुणी जाब विचारला नव्हता..."

दोरीवर तुकडे वाळत असतानाच अवकाळी सर आली. दोघं धावले. शेवटच्या तुकड्यावर दोन हात एकदमच पडले – आणि दोघांनीही, का कोण जाणे, मागे घेतले नाहीत. तुकडा मात्र पार भिजला.

त्या आठवड्यात निकस ताटलीत एक जागा रिकामी राहिली. दाक्षायणीनं डोळे चोळून पुन्हा पाहिलं. रिकामीच! सरांना दाखवलं, सरांनी तिथल्या तिथं शिफारस लिहायला घेतली, आणि ती घरी न जाता थेट दुकानात पोचली.

"नाही उगवला! एक ठिपका उगवलाच नाही!"

गिऱ्हाइकं तोंडाकडे बघत राहिली. त्यांना वाटेला लावून मल्लिकार्जुन म्हणाला, "म्हणजे... बंगळूर?"

"बंगळूर."

तो उगाचच ठाण उलगडू लागला. "चांगलं झालं. लई चांगलं झालं. तिकडं मखमल बी मिळती की."

"मिळते..." दाक्षायणीचा आवाज तिलाच ऐकू येईना. "पण खळीची."

ठाण थांबलं.

"खळ काढणारं माणूस," ती कशीबशी म्हणाली, "इथूनच न्यावं म्हणते. नेऊ का?"

त्यानं ठाण बाजूला सारलं. मग एकाएकी गडबडीनं बोलला, "बंगळूरला चिक्कपेठेत मामांचं दुकान आहे. वर्षभर बोलावताहेत. मीच टाळत होतो! रुद्रप्पांना भेटायला आजच येऊ?"

"या. पण आधी मखमल द्या. काम संपलेलं नाही माझं."

"देतो की." त्यानं कात्री घेतली आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं आपला तळहात पुढे केला. "माप विसरलो बघा... एवढीशीच ना?"

दाक्षायणीनं त्यावर आपला तळहात ठेवला. मखमल कापायची त्या दिवशी राहूनच गेली.