पॅसेजमधला दुवा

घरातले दिवे, प्लग, सेन्सर एकमेकांना जोडून देणं हा माझा धंदा. यातल्या एकाही वस्तूचा आवाज लांब जात नाही. एकीने ऐकायचं, शेजारणीला सांगायचं. असा हातोहात निरोप हॉलमधल्या डबीपर्यंत पोचतो आणि तिथून मोबाइलवर. बायको म्हणते, तुझ्या वस्तू चुगलखोर आहेत. खोटं नाही.

त्या दुपारचं शेवटचं काम एका एकट्या राहणाऱ्या काकूंचं होतं. दूर राहणाऱ्या मुलीने त्यांच्या पलंगाला, बाथरूमच्या दाराला, ओट्यापाशी सेन्सर लावून घेतले होते. तिने मला फोनवर बजावलं होतं, "नीट तपासा. निरोप एकदा जरी चुकला, तर मी आईला इकडे घेऊन येणार."

"मला इथून हलवू नका," काकू एवढंच म्हणाल्या.

मी मोबाइलवर जोडणीचा नकाशा उघडला. मागची खोली लांब, मधे जाड भिंती. पलंगाचा निरोप हॉलपर्यंत पोचायलाच नको होता, आणि पोचत होता. पॅसेजमधला एक बिननावाचा दुवा तो पुढे देत होता. जाऊन पाहिलं तर कोरी भिंत, ओली फरशी, फिनेलचा वास. ना प्लग, ना दिवा.

अशा वेळी आम्ही एकेक वस्तू बंद करतो आणि कोण गप्प होतं ते बघतो. दिवे बंद केले, प्लग काढले. शेवटी वैतागून मेन स्विच पाडला. डबी तेवढी बॅटरीवर होती. पंखा थांबला, फ्रिज थांबला. नकाशावरचा दुवा तसाच.

काकू मागच्या खोलीतून आल्या. पॅसेजच्या मध्यावर त्या अंग चोरून, भिंतीला खेटून चालल्या. मग माझ्या लक्षात आलं, मघापासून मीही तसाच ये-जा करत होतो.

"काकू, तिथे काय आहे?"

"काढू नका हो त्याला." त्यांनी आवाज खाली आणला. "मी बरी आहे एवढं पोचवत जा, असं सांगून ठेवलंय मी."

"कुणाला?"

त्या ओट्याकडे निघून गेल्या. माझे पाय भरून आले होते, घरी जायचं होतं. भुतं उतरवायला आम्हाला कुणी बोलावत नाही. मी मुलीला कळवून टाकलं, सगळं ठीक आहे, निरोप चुकणार नाही. तिने माझाही नंबर निरोपांसाठी जोडून ठेवला.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. "आई फोन उचलत नाहीये. निरोप मात्र येतायत. आत्ताच ओट्यापाशी होती. रुसली असेल. जरा डोकावता का?"

शेजारच्या डॉक्टरांकडे किल्ली होती. दार उघडल्याबरोबर वास आला.

काकू पलंगावर होत्या. डॉक्टरांनी खिडकी उघडली. "बरेच दिवस झालेत," ते म्हणाले.

मुलीला कोणत्या तोंडाने सांगायचं? मी मोबाइल काढला, तेवढ्यात तोच थरथरला.

"आई पलंगावरून उठली."

काकू हलल्या नव्हत्या.

डॉक्टर बाहेर निघाले. पॅसेजच्या मध्यावर भिंतीला खेटून चालले.

फोन वाजला. मुलगी होती.

"उठली ना? द्या जरा तिच्याकडे."