ताटातलं पीठ

सुरभी गेली हे मला मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कळलं. मी धाटावच्या कंपनीत ब्लोअर हाऊसमध्ये, हवेच्या मोठ्या पंख्यांच्या खोलीत, बेअरिंगला ग्रीस भरत होतो. तिथे आवाजात मोबाइल ऐकू येत नाही, म्हणून शेजारच्या शांतीवहिनींनी गेटवर फोन केला होता. सिक्युरिटीवाला चालत आला आणि माझ्या कानाशी ओरडला, "घरी जा. मिसेस पडल्यात." तो पडल्यात म्हणाला, पण त्याने टोपी काढून हातात धरली होती.

अष्टमी गावात आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे. सुरभी घरीच लग्नपत्रिका आणि अर्ज टाइप करून द्यायची. मी पोहोचलो तेव्हा ती खुर्चीतच होती, डोकं टेबलावर. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसणार. टेबलाखाली जमिनीवर तिच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट चालू होतं. स्क्रीन पासवर्ड मागत होती.

त्या दिवशी डबा देताना ती म्हणाली होती, "संध्याकाळी लवकर या. तुमच्यासाठी एक लिहितेय. हसायचं नाय पण."

"काय लिहितेस?"

"अर्धंच झालंय. झालं की दाखवते."

पासवर्ड मला माहीत नव्हता. म्हणून मी ते मशीन बंद होऊ दिलं नाही.

सासूबाई पेणच्या बाजूच्या, खाडीकाठच्या. सगळं आयुष्य मिठागरात गेलेलं. अग्नी देऊन आम्ही परत आलो तेव्हा त्यांनी ताटात तांदळाचं पीठ पसरलं, त्यावर दिवा ठेवला. जीव गेला त्या जागी हे ताट मांडायचं, वर टोपली झाकायची आणि सकाळी पिठात काय उमटलं ते बघायचं. पाखराचा पाय, गाईचं खूर. माणूस कुठल्या जन्माला गेला ते कळतं म्हणतात. माझा विश्वास नाही, पण मी अडवलं नाही. तिचे पाय होते ती जागा टेबलाखाली होती, कॅबिनेटच्या अगदी तोंडाशी.

"हे बंद कर ना रं. किती घरघरतंय," त्या म्हणाल्या.

"नको. तिचं काम आहे त्यात."

टोपली ठेवताना मला दिसलं, दिव्याची ज्योत कॅबिनेटकडे वाकली होती.

सकाळी टोपली उचलली तर दिवा विझलेला आणि ताट धुतल्यासारखं. कणभर पीठ नव्हतं.

"खूणच नाय," सासूबाई म्हणाल्या. "म्हंजे पोर अजून गेलीच नाय."

मी त्यांना समजावलं. कॅबिनेटचा पुढचा पंखा हवा आत ओढतो, मागचा बाहेर टाकतो. पुढच्या पंख्यावर धुळीची जाळी असते. ती सुरभीने सोमवारी धुऊन कपड्यांच्या दोरीवर वाळत घातली होती, चिमटा लावून. म्हणून पीठ आत गेलं. माझी वीस वर्षं ब्लोअरवर गेलीत. जिकडे हवा जाते तिकडे धूळ जाते, यात गूढ काही नाही.

त्यांनी कॅबिनेटच्या मागे जाऊन भिंतीवरून बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. स्वच्छ होतं. "मग मागनं बाहेर का नाय आलं?"

मी म्हणालो, आत अडकलं असेल.

ते खरंच असावं, कारण मशीन तापायला लागलं. मी कंपनीतून थर्मामीटर आणलं. मागून येणारी हवा बुधवारी एकेचाळीस अंश, गुरुवारी सेहेचाळीस, शुक्रवारी बावन्न. शुक्रवारी मी पुलाजवळच्या दुकानातून दिपिकाला बोलावलं. सुरभीला हे मशीन तिनेच जोडून दिलं होतं. तिने पुढून बॅटरी मारून आत पाहिलं.

"दादा, कॉम्प्युटर हाय का पिठाची गिरणी?" असं म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "सॉरी. तोंडातनं निघून गेलं. बंद करून द्या, दहा मिनिटांत साफ करते."

"बंद नाही करायचं. तिने माझ्यासाठी लिहिलेलं आत आहे. सेव्ह केलंय की नाही माहीत नाही."

तिने स्क्रीनकडे पाहिलं. "सेव्ह नसंल तर बंद झाल्यावर गेलं समजा. पण असंच ठेवलंत तर तापून ते आपोआप बंद पडणार. चालू ठेवूनच झाकण काढावं लागंल. ब्रशने पीठ झाडायचं, पंख्याला हात नाय लावायचा. मी करू?"

"मी करतो. माझंच काम आहे हे."

ती ब्रश ठेवून गेली. मी दोन स्क्रू काढून बाजूचं झाकण उतरवलं. भाकरी भाजताना येतो तसा वास आला. पीठ गरम झालं की येणारच.

पीठ तळाला होतं. चाळणीने चाळून घातल्यासारखं, सगळीकडे सारखं. त्यावर पावलं होती. अंगठ्याच्या पेराएवढी, एकामागे एक, सात. आधी मी उंदीर म्हटलं. पण टाच होती, मधली न टेकलेली कमान होती, पाच बोटं होती. उजव्या पावलाला चारच. सुरभीच्या उजव्या पायाची करंगळी लहानपणी मिठागरात फावडं लागून वर उचलली गेली होती. जमिनीला टेकायची नाही.

पावलं मागच्या बाजूने सुरू होऊन पुढच्या पंख्याकडे येत होती. वाऱ्याच्या विरुद्ध.

मी ब्रश खाली ठेवला. झाकण लावलं. नट फिरला की कळावं म्हणून आम्ही कंपनीत त्यावर रंगाची रेघ मारतो, तशी स्क्रूंवर मारली.

शनिवारी रेघा जागच्या जागी होत्या. झाकण काढलं तर आत नऊ पावलं होती.

मग मी अगरबत्ती लावली. हवा कुठून कुठे जाते ते बघायला धुरासारखं साधन नाही. पुढच्या पंख्यासमोर धरली तर धूर आत जायला हवा. तो माझ्या तोंडावर आला. मी दिपिकाला फोन केला.

"पंखा उलटा बसलाय, दादा. कडेला बाण असतो बघा."

"बाण आतल्या दिशेलाच आहे. पंखा फिरतोयही बरोबर."

"मग तुम्ही अगरबत्ती उलटी धरली असंल," ती हसली. मी अगरबत्ती पुन्हा धरून पाहिली. "दादा? जेवलात का तुम्ही?"

मागच्या पंख्यातूनही हवा बाहेरच येत होती. मी बाकीच्या सगळ्या फटींना टेप लावला. दोन्हीकडून हवा बाहेर येत होती आणि आत कुठूनच जात नव्हती. आमच्या ब्लोअर हाऊसमध्ये असं कोणी सांगितलं असतं तर त्याला मी घरी पाठवला असता.

मागे अठ्ठावन्न अंश. पुढे सदतीस, माणसाच्या अंगाइतकं. दुपारी सदतीस, संध्याकाळी सदतीस, रविवारी सकाळीही सदतीस.

रविवारभर ब्रश माझ्या हातात होता. पीठ झाडलं तर पावलं जाणार. नाही झाडलं तर मशीन बंद पडणार आणि तिने माझ्यासाठी काय लिहिलं ते मला कधीच कळणार नाही. सासूबाई त्या खोलीत येत नव्हत्या. दारातूनच म्हणाल्या, "ताट पुन्हा मांडू काय रं? या बारीला लांब मांडू." मी नको म्हणालो.

सोमवारी दुपारी चारला मशीन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं. स्क्रीनवर काही आलं नाही, तीन वेळा शिटी वाजली आणि गप्प झालं. दिपिका येऊन बघून गेली. आतली डिस्क जळाली म्हणाली. सुरभीचं अर्धं लिहिलेलं गेलं.

मी प्लग काढला.

पंख्याची पाती थांबली. मी बोट लावून पाहिलं. थांबलेलीच होती.

अगरबत्ती धरली. धूर माझ्या तोंडावर आला.

थर्मामीटर धरलं. सदतीस.

झाकण काढलं. पावलं पुढच्या पंख्यापर्यंत आली होती. शेवटच्या पावलाची फक्त टाच पिठात होती. बोटं बाहेर.

बाहेर खोलीतली फरशी आहे. फरशीवर काही उमटत नाही.

खोलीत भाकरीचा वास होता. सासूबाईंनी चूल पेटवलेली नव्हती.

फरशीवर पीठ मी अजून पसरलेलं नाही.