सगळ्यांच्या मागे दोघं

सायकलची चेन निसटली ती नेमकी भाईंदरच्या गोडदेव नाक्यावर. डिसेंबरची पहाट होती. रस्त्यावर झाडूवाल्यांशिवाय कुणी नव्हतं, आणि मी फुटपाथच्या कडेला उकिडवी बसून त्या चेनकडे नुसती बघत होते. बघून ती आपोआप वर चढणार असल्यासारखी!

सायकल माझी नव्हतीच. माझा धाकटा भाऊ पिंटू नोकरीसाठी दुबईला गेला आणि त्याची गिअरवाली सायकल आमच्या दाराबाहेर धूळ खात पडली. "सुचेता, एक तर चालव, नाहीतर भंगारवाल्याला देते," आईनं निक्षून सांगितलं. म्हणून कॉलेजनंतर पहिल्यांदाच मी सायकलवर बसले होते.

तेवढ्यात मागून सायकलींचा थवा आला. लुकलुकणारे लाल दिवे, हेल्मेटं, हसणं, घंट्या... सगळे सर्रकन पुढे निघून गेले. मी मान आणखी खाली घातली. आणि मग माझ्याजवळ एक ब्रेक करकरला.

"चेन पडली?"

"नाही. तिच्याशी गप्पा मारतेय."

माझ्या तोंडून निघून गेलं आणि लगेच जीभ चावली. तो हसला. हेल्मेटखाली आधी त्याचे दात दिसले, मग डोळे.

"मग मी थांबतो. तुमचं बोलणं होऊ दे."

आणि तो खरंच थांबला! हँडलवर कोपर टेकून, एक पाय जमिनीवर ठेवून, अगदी निवांत. शेवटी मलाच हसू आलं.

"सांगा ना कशी बसवायची."

"मागच्या गिअरचा हा दांडा पुढे दाबा. झाली ना सैल? आता चेन दातांवर ठेवा आणि पेडल फिरवा... हळू. बोटं सांभाळा."

त्यानं स्वतः हात लावला नाही. चेन बसली तेव्हा माझ्या दहाही बोटांना काळं ग्रीस लागलं होतं आणि मी गड जिंकल्यासारखी त्याच्याकडे बघत होते.

"चला," तो म्हणाला. "आम्ही उत्तनला चाललोय. 'पहाटवारा' म्हणून क्लब आहे आमचा. थंडीत दर रविवारी निघतो."

"मी? अहो, मी खूप हळू चालवते."

"म्हणूनच तर मी मागे आहे. सगळ्यांच्या मागे एकजण राहतो, आम्ही त्याला स्वीप म्हणतो. जो मागे पडेल त्याच्यासोबत राहायचं, त्याला एकटं सोडायचं नाही." त्यानं पुढे लांब गेलेल्या लाल दिव्यांकडे पाहिलं. "आज कुणी मागे पडलंच नव्हतं. आता मला काम मिळालं."

त्याचं नाव अल्पेश.

त्या दिवशी मी उत्तनला पोचले तेव्हा बाकीच्यांचा चहा होऊन गेला होता. पाय भरून आले होते, नाक गार पडलं होतं, कानाच्या पाळ्या दुखत होत्या. क्लबचे प्रमुख यतीन सर, केस पिकलेले पण पोटऱ्या पोलादी, मला म्हणाले, "आलीस ना? झालं तर मग. पुढच्या रविवारी ये." आणि मी गेले.

मग रविवारची वाटच बघायला लागले. अंधेरीच्या ऑफिसात विम्याच्या क्लेमच्या फायली बघता बघता शुक्रवारीच माझं डोकं सायकलवर बसलेलं असायचं. कधी काशिमीऱ्यावरून घोडबंदर रोडनं चेण्यापर्यंत, कधी मुर्धा, राई, मोर्वा करत खाडीच्या बाजूनं. मिठागरांवर धुकं असं पसरलेलं असायचं की पुढच्या सायकलींचे फक्त दिवे दिसायचे. आणि मागे आम्ही दोघं. आमच्या श्वासांची वाफ, चाकांची सरसर, आणि बोलणं.

"तुम्ही करता काय?" मी एकदा विचारलं.

"मीरा रोडच्या एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढतो. लोकांची हाडं बघतो."

"मग माणूस आतून कळत असेल तुम्हाला."

"हाडं कळतात." त्यानं एक खड्डा चुकवला. "माणसाला वेळ लागतो. आणि... 'तुम्ही' नको ना. धाप लागलेली असताना इतका आदर परवडत नाही."

"मला धाप लागलेली नाही!"

"मला लागलीय," तो म्हणाला आणि भलतीकडेच, झाडांकडे बघू लागला. माझे कान गरम झाले. थंडीत तेवढेच दोन कान गरम!

अल्पेश मोर्व्याचा. वडिलांची होडी होती. आता ते नव्हते, होडी काकांकडे होती. आई, गोदूबाई, भाईंदर पश्चिमेच्या बाजारात मासे विकायच्या. हे सगळं त्यानं मला सहज सांगितलं, चढ लागला की गिअर बदलावा तितक्या सहज. जानेवारीतल्या एका रविवारी परतताना त्यानं मला घरी नेलं. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते, त्यांचा खारट वास थंडीत आणखी दाट झाला होता.

"कोन रं ही?" गोदूबाईंनी विचारलं.

"सुचेता. क्लबमधली हाय."

मी चमकून त्याच्याकडे पाहिलं. घरात पाऊल टाकताच त्याची भाषा बदलली होती, आणि ती त्याच्या तोंडी किती छान वाटत होती...

"बस गं पोरी. जवला खातंस ना? का न्हाय खात?"

"खाते की. आमच्याकडे आवडतो."

तांदळाची गरम भाकरी आणि जवळ्याची चटणी. मी दोन्ही हातांनी खाल्लं असेल. गोदूबाई माझ्याकडे बघत होत्या, मग लेकाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"अल्प्या कंदी कुनाला घरी आनत न्हाय," त्या म्हणाल्या.

"आये!"

"खोटं हाय का?"

तो हेल्मेट पुसायला लागला. स्वच्छ हेल्मेट, पुन्हा पुन्हा.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. चटणी, अंगण, बोंबील. आईनं ऐकून घेतलं. आम्ही मूळचे परळचे, मी शाळेत असताना इकडे आलो. आईनं आयुष्यात कुणाबद्दल वाईट शब्द काढला नाही, पण त्या दिवशी कुकरकडे बघत म्हणाली, "मुलगा चांगला असेल गं. पण त्यांचं घर वेगळं, आपलं वेगळं."

"असं काही नाहीये आई. त्याचं कामच आहे ते. मागे राहणाऱ्यांना सोबत करायची."

हे मी आईला सांगत होते की स्वतःला, कुणास ठाऊक. कारण तेच मला टोचत होतं. तो माझ्याबरोबर असतो, कारण मी मागे असते. उद्या दुसरं कुणी मागे पडलं, तर तो त्याच्याबरोबर असेल. तितकाच हसरा, तितकाच शांत. आणि गंमत म्हणजे मी आता मागे पडतच नव्हते. चेण्याच्या चढावर पूर्वी उतरून सायकल ढकलायचे, आता गाणं गुणगुणत चढत होते. तरीही मी हळूच चालवायचे... मुद्दाम. अठ्ठावीस वर्षांची बाई, आणि असले चाळे!

फेब्रुवारी लागला आणि ऑफिसात मला पुण्याच्या शाखेत बढती मिळाली. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं. हीच जागा मी दोन वर्षं मागत होते. त्या रविवारी चेण्याला, टपरीवर, मी सगळ्यांसमोर सांगितलं. यतीन सरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याच सोसायटीतल्या रुचितानं मिठी मारली. "भैया, दो कटिंग और! इसका प्रमोशन हुआ है," कुणीतरी ओरडलं.

मी अल्पेशकडे बघत होते.

"मस्त," तो म्हणाला. "अभिनंदन."

आणि त्यानं वाकून टायरमधली हवा तपासली. त्या टायरला काहीही झालेलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर आम्ही मागेच होतो, पण दोघंही नुसते रस्त्याकडे बघत. डावीकडे जंगल, उजवीकडे गाड्या. एकदा वाटलं, थांबावं आणि विचारावं... काय विचारणार? वाईट वाटलं का? का वाटावं? काशिमीरा येईपर्यंत मी पेडल जोरात मारायला लागले होते. तो बरोबर राहिला. गोडदेवला माझं वळण आलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "सांभाळून जा."

पुढच्या रविवारी मी गेले नाही. डोकं दुखतंय असं ग्रुपवर टाकलं आणि पांघरूण ओढून घेतलं. त्यानं फोन केला नाही. नंतरही नाही.

गुरुवारी संध्याकाळी रुचिता घरी आली. आईच्या समोर सामान बांधायच्या गप्पा मारल्या आणि मग मला गॅलरीत ओढून नेलं.

"काय झालंय तुमच्यात?"

"काही नाही. काही असायला तर हवं ना आधी! तो स्वीप आहे, मी स्लो आहे. एवढंच."

रुचिता माझ्याकडे बघतच राहिली.

"सुचे, वेडी आहेस का? स्वीपची पाळी असते. दर रविवारी वेगळा माणूस. मागे रेंगाळायला कुणाला आवडत नाही, म्हणून यतीन सरांनीच लावून दिलीय. तू आलीस त्या दिवशी त्याची पाळी होती."

"आणि नंतर?"

"नंतर त्यानं सगळ्यांची पाळी मागून घेतली. माझी पण. म्हणाला, 'तू जा पुढे, मला थंडीत हळूच बरं वाटतं.' आमच्या क्लबमध्ये सगळ्यात जोरात चालवणारा माणूस आहे तो! तुला खरंच माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. खाली रस्त्यावर रिक्षा, भाजीवाले, मंदिराची घंटा... सगळं नेहमीसारखं चाललं होतं. मी गॅलरीचा गज घट्ट धरून उभी होते. आधी हसू आलं. मग रागच आला. इतके रविवार! आणि तोंडातून फक्त 'अभिनंदन'?

रविवारी मी अलार्मच्या आधी उठले. ठरवलं होतं, नाक्यावर जायचं आणि सगळ्यांच्या देखत विचारायचं. सायकल लिफ्टमध्ये उभी करून खाली आले, गेटबाहेर पडले...

तो तिथेच होता. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसलेला. शेजारी सायकल. वॉचमनकाकांनी त्याला स्वतःची खुर्ची देऊ केली असावी, कारण ती रिकामीच त्याच्याजवळ होती.

"राईड नाही का आज?" मी विचारलं.

"आहे. सगळे गेले. पाळी यतीन सरांना दिली."

"पाळी," मी म्हणाले. "म्हणजे पाळी असते तर!"

तो उठून उभा राहिला. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा.

"रुचितानं सांगितलं?"

"तू का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार होतो? तू मोकळेपणानं बोलायचीस माझ्याशी. वाटलं, सांगितलं तर... ते पण जाईल."

"आणि पुण्याचं कळल्यावर?"

त्यानं ग्लोव्हज काढले. उगाच घडी घातली. मग माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुला किती आनंद झाला होता, सुचेता. मी काही बोललो असतो, तर तू थांबायचा विचार केला असतास. थोडा तरी. आणि मला तेच नको होतं. आठवडाभर फोन हातात घेऊन बसलो, पण तोंडातून एकच वाक्य येत होतं. जाऊ नकोस. ते बोलायचं नव्हतं म्हणून फोनच केला नाही."

"मग आज का आलास?"

"आज दुसरं वाक्य सापडलं. तू जा. जायलाच हवं. पण माझं तुझ्यावर प्रेम आहे, हे ऐकून जा."

थंड वारा होता. त्याच्या भुवयांवर दव बसलं होतं, म्हणजे तो बराच वेळ तिथे असावा. मला काहीतरी चुरचुरीत बोलायचं होतं, नेहमीसारखं. पण खरंच बाहेर पडलं.

"मी जानेवारीपासून मुद्दाम हळू चालवत होते," मी म्हणाले.

"माहितीय."

"माहितीय?"

"चेण्याच्या चढावर तू गाणं म्हणायचीस. दम लागलेली माणसं गात नाहीत."

मी हात पुढे केला. त्यानं तो धरला. त्याची बोटं गार होती, माझी त्याहून गार. वॉचमनकाका एकदम रजिस्टरात काहीतरी शोधू लागले.

"सुचेता!" वरून आवाज आला. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आई. खांद्यावर शाल. कधीपासून उभी होती, देव जाणे. "रस्त्यात किती वेळ उभं करणार आहेस त्यांना? वर घेऊन ये. चहा टाकलाय."

अल्पेशचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आत्ता? या कपड्यांत?"

मी त्याच्या घट्ट सायकल-चड्डीकडे पाहिलं आणि इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग माझं जॅकेट काढून दिलं. ते कमरेला बांधून, लिफ्टच्या आरशात केस नीट करून, तो आमच्या घरी आला.

बाबांनी पेपर खाली केला, नमस्कार घेतला, पुन्हा पेपर वर केला. पण पान काही उलटेना. आईनं चहा पुढे ठेवला. मोर्व्याला घर कुठे, आई कशा आहेत, बाजारात किती वाजता निघतात, असं सगळं विचारून झालं. गोदूबाई पहाटे उठून एकट्या टोपली भरतात हे ऐकल्यावर आईनं बिस्किटांची बशी त्याच्यापुढे सरकवली. मग कप उचलता उचलता म्हणाली, "हिला पुण्याला सोडायला आम्हीच जाणार आहोत."

मला वाटलं, संपलं.

"हो काकू," अल्पेश म्हणाला. त्याची नजर खाली गेली नाही. "सोडायला तुम्हीच जा. तिचं तिथलं मनासारखं झालं, आणि तुमची परवानगी असली... तर आणायला मी जाईन."

बाबांचा पेपर हळूहळू मांडीवर आला.

आईनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण तिला हवं ते दिसलं असावं. ती स्वयंपाकघराकडे वळली आणि तिथूनच तिनं विचारलं,

"पोह्यांत शेंगदाणे चालतात ना रे तुला?"